गड पायीच चढावा

पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगड आहे. मोटाररस्ता आता गडाच्या दरवाजाजवळ पोहोचला आहे. तेव्हा पायी चढण्याचे श्रम कशाला, असे पुष्कळांना वाटते. वृद्धांनी व अशक्तांनी वाहनाने खुशाल जावे. परंतु धडधाकट मुलांनी गड पायीच चढावा, असे माझे मत आहे.

पायथ्याच्या आतकरवाडीहून पाऊलवाट निघते. अर्ध्या चढणीवर धाप लागते, घसा कोरडा पडतो. माथ्यावर खडकात खोदलेले देवटाके दिसले, म्हणजे गडावर पाण्याचे मोल काय असेल, ते कोणी सांगावे लागत नाही. १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात कडा चढून गेले, हे आपण पुस्तकात वाचतो. परंतु दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेने चढतानाही जेव्हा आपले पाय थरथरतात, तेव्हाच त्या वाक्याचा खरा अर्थ उमगतो. मोटारीतून उतरणाऱ्यास गड दिसतो. चढून येणाऱ्यास तो कळतो.

मात्र धाडस म्हणजे अविचार नव्हे. पाऊस कोसळू लागला, वाट निसरडी झाली, तर माघारी फिरण्यात कमीपणा नाही. डोंगर कोठे जात नाही. तो उद्याही तेथेच असतो.

मुलांनो, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखर. तेथे जाण्याची उमेद अवश्य बाळगा. पण आरंभ गावाजवळच्या टेकडीपासून करा. येत्या रविवारी वडीलधाऱ्यांना सोबत घ्या आणि चालू लागा.