श्रोणितलाचे व्यायाम आणि न विचारला जाणारा प्रश्न

खोकताना, हसताना किंवा पाण्याची घागर उचलताना लघवीचे चार थेंब सुटणे, हे आपल्या घरांतून आजार म्हणून गणलेच जात नाही. 'दोन बाळंतपणे झाली, आता असे व्हायचेच' या एका वाक्यात सासू सुनेची आणि सून स्वतःची समजूत घालते. मग हुबळीहून धारवाडला लग्नाला जायचे तर सकाळपासून पाणी न पिणे, लांबच्या प्रवासाच्या वेळी काही निमित्त सांगून मागे राहणे, चारचौघींत बसणे टाळणे, असा आयुष्याचा परीघ हळूहळू आक्रसत जातो. या दुखण्यावर उपचार आहे, तो स्वस्त आहे आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून होण्यासारखा आहे. तरीही तो रुग्णापर्यंत पोहोचत नाही. याचे कारण केवळ स्त्रियांचा संकोच नसून वैद्यकव्यवसायाचे मौनही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून तोलून धरते. लघवी व शौच रोखण्याचे आणि योग्य वेळी सैल होऊन वाट देण्याचे कामही तिचेच. यालाच श्रोणितल किंवा पेल्विक फ्लोअर म्हणतात. प्रसूतीतील ताण, रजोनिवृत्ती, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, जुनाट खोकला आणि स्थूलपणा यांनी ही झोळी सैलावते. गुडघ्याचा स्नायू दुबळा झाला तर आपण व्यायाम सांगतो. हाही स्नायूच आहे, एवढी साधी गोष्ट मात्र विसरली जाते.

१९४८ साली अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आपल्याकडील हठयोगातील मूलबंध आणि अश्विनीमुद्रा याच भागाच्या आकुंचनावर आधारलेल्या आहेत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. आज तिच्यामागे भक्कम पुरावा उभा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत ३१ चाचण्यांचा आढावा घेतला गेला. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. काहीच उपचार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. एखाद्या औषधाने असे यश दाखवले असते, तर त्याच्या जाहिराती प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर झळकल्या असत्या.

परंतु चिठ्ठीवर 'केगेल व्यायाम करावेत' एवढे लिहून देणे म्हणजे उपचार नव्हे. १९९१ साली अमेरिकेत झालेल्या एका लहानशा अभ्यासात ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हे आकुंचन करायला सांगितले गेले. जेमतेम निम्म्या स्त्रियांना ते नीट जमले. चौथा हिस्सा तर उलट खाली जोर देत होता, म्हणजे त्रास वाढेल असेच काही करीत होता. म्हणून प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने, शक्यतो स्त्रीने, रुग्णाची पूर्ण संमती घेऊन, तपासून शिकवणे अगत्याचे ठरते. वायू सरताना रोखून धरावा तसे स्नायू आत व वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. पोट वा मांड्या आवळायच्या नाहीत. असे निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा आणि किमान तीन महिने. खोकला येण्याच्या क्षणी स्नायू आधीच आवळून धरण्याची युक्तीही शिकवावी लागते.

याचा लाभ कोणाला? सर्वप्रथम गरोदर स्त्रिया व बाळंतिणींना आणि रजोनिवृत्तीनंतर लघवीची घाई सहन न होणाऱ्यांना. अंग बाहेर येण्याच्या सुरुवातीच्या अवस्थेतही जडपणाचा त्रास व्यायामाने कमी होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटलेल्या पुरुषांनाही हे व्यायाम शिकवले जातात. तेथील पुरावा स्त्रियांइतका निर्विवाद नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शौचाच्या वेळी स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जात असल्याने ज्यांना बद्धकोष्ठ होतो, त्यांना बायोफीडबॅकने ही सवय मोडता येते. काहींची झोळी सैल नसून कायम ताठरलेली असते. संबंधाच्या वेळी वेदना, ओटीपोटात सतत ठणका, ही त्याची लक्षणे. अशांना बळकटीचे व्यायाम दिले तर दुखणे वाढू शकते. त्यांना सैल सोडणे शिकवावे लागते. तपासणीवाचून सरसकट सल्ला देऊ नये, तो याचसाठी.

मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. लघवीत रक्त आले, अहोरात्र सतत गळती असली किंवा अंग पूर्ण बाहेर आले असले, तर आधी तज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे. बैठकीच्या जागी अचानक बधिरपणा येऊन लघवी अडली, तर ती तातडीची अवस्था समजावी.

अंग बाहेर येण्याच्या विकारावर मराठी मुलखाने जगाला पुष्कळ दिले आहे. मूळचे गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता त्याला आधार देण्याच्या शस्त्रक्रिया रूढ केल्या आणि त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. शस्त्रक्रियेची ही परंपरा अभिमानास्पद आहेच; पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच्या वीस वर्षांत त्या स्त्रीला कोणी काही विचारले का, हा प्रश्न उरतोच. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! तो अभ्यास लघवीच्या तक्रारींपुरता नव्हता. पण न विचारल्यास दुखणे दिसतच नाही, हा त्याचा धडा येथेही तंतोतंत लागू पडतो.

आपल्या जुळ्या शहरांत साधनांची वाण नाही. हुबळीच्या विद्यानगरात १९५७ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, धारवाडजवळ सत्तूरला वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीला फिजिओथेरपीचेही महाविद्यालय आहे. उणीव आहे ती प्रश्नाची. आपल्या मराठी भगिनी बाजारात सफाईने कानडी बोलतात. पण 'अंग बाहेर येते', 'लघवी धरवत नाही' हे शब्द जिभेवर येतात ते माहेरच्या भाषेतच. ते ऐकून समजणारे डॉक्टर म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांवर अधिक जबाबदारी येते.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. दीड महिन्याच्या बाळाला लसीसाठी आणणाऱ्या प्रत्येक आईला, आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला, मग ती रक्तदाबासाठी आलेली असो वा गुडघ्यासाठी, आपण आपण होऊन विचारावे: 'खोकताना लघवी सुटते का? खाली काही उतरल्यासारखे वाटते का?' होकार आला तर तिला योग्य ठिकाणी पाठवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावावे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेक आणि पोटपट्टा देणारे आपले घर तिच्या या व्यायामासाठी दिवसातली दहा-पंधरा मिनिटेही मोकळी करून देईल. मात्र ते सांगणारा आवाज डॉक्टरांचा असला पाहिजे.