रिकामी तेलटाकी आणि ठेकेदाराची निवड

नागपूर जिल्ह्यात एके काळी अनेक विहिरींवर ऑइल इंजिने चालत असत. पुढे विजेचे पंप आले आणि इंजिने थंडावली. परंतु डिझेल साठविण्याच्या टाक्या मात्र काही संत्र्यांच्या बागांत व जुन्या जिनांच्या आवारांत, कोठे जमिनीवर तर कोठे जमिनीखाली, गंजत पडून राहिल्या. आज ना उद्या त्या काढाव्याच लागतात. अशा वेळी 'लोखंड मी नेतो, मजुरी काही देऊ नका' असे म्हणणारा ठेकेदार दाराशी येतो. हा सौदा वरवर फायद्याचा दिसला तरी शेतकरी बंधूंनी तो स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्याची सारी मिळकत भंगारावर अवलंबून आहे, तो टाकी जागच्या जागी गॅसच्या ज्वाळेने कापून तुकडे लवकर हलविण्याची घाई करणार. येथेच प्राणसंकट उभे राहते. भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. कारण तेल संपले तरी गाळातून उठणारी वाफ आत कोंडून राहते व हवेशी मिसळते. डिझेल सहसा भडकत नाही, या समजुतीवर विसंबू नये. 35 अंश सेल्सिअसच्या पुढे डिझेलची वाफ पेट घेण्याजोगी होऊ शकते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या आत काय स्थिती असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून हवा पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. तेलाच्या टाकीत मात्र तोच कंदील स्फोटास कारण होईल. तसेच गाळ काढण्यास मजूर आत उतरवू नये. एक जण गुदमरला की दुसरा त्यास वाचविण्यास धावतो आणि एकाऐवजी दोघे जीव गमावतात.

मग ठेकेदार गावचा नसावा काय? अवश्य असावा. तो ओळखीचा असतो व काम बिघडल्यास सापडतो. मात्र ओळख हा कसबाचा पुरावा नव्हे. अशी टाकी पूर्वी कोठे काढली, हे त्यास विचारावे व ते काम स्वतः पाहून यावे. मजुरी रोख ठरवावी आणि भंगाराची किंमत वेगळी धरावी. उरलेले तेल उपसणे, टाकी धुणे, वाफ नाहीशी झाल्याची जाणत्या माणसाकडून उपकरणाने तपासणी करून लेखी दाखला घेणे, टाकी अखंड उचलणे, खड्डा बुजविणे व मजुरांचा विमा, ही सर्व कलमे करारात लिहून घ्यावीत. शेवटचा हप्ता काम पाहिल्यावरच द्यावा.

टाकीतील गाळ व धुण्याचे पाणी हा 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा होय. तो नाल्यात वा बांधावर ओतू नये. अधिकृत प्रक्रियाकाराकडेच पाठवावा. खड्ड्यातील मातीस तेलाचा वास येत असल्यास ती शेतात पसरू नये व जवळच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत तेल खोल उतरते, हे विसरू नये.

एक हजार लिटरहून मोठ्या टाकीत डिझेल साठविण्यास 1934 च्या पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागतो. अशी टाकी काढण्यापूर्वी संबंधित कार्यालयास कळवावे. या विषयाचे नियंत्रण करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे; तेव्हा सल्ल्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात अशा किती टाक्या आहेत याची नोंद करावी. तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एकच चांगला ठेकेदार ठरविल्यास खर्चाचा भार हलका होईल. भंगाराचे चार पैसे कमी मिळाले तरी चालतील. पण मजुराचा जीव व विहिरीचे पाणी ही मोलाने परत मिळणारी वस्तू नव्हे.