एवढ्यानं काय होतंय!

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे तिळगुळाबरोबर बशीत किनोआचं सॅलड होतं. बायका बशीकडे बघायच्या, मग एकमेकींकडे. एक म्हणाली, "अगंबाई, हे पाखरांना घालतात ते दाणे की काय?" दुसरीनं हळूच विचारलं, "सूनबाई डाएटवर आहेत का? बारीकच तर आहेत." तिसरीनं थेट मलाच कोपरखळी मारली, "वहिनी, दरवर्षीच्या तुमच्या मटार करंज्या कुठं गेल्या? सुनेचं राज्य आलं वाटतं!"

मी हसले. खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी मी पाहुणी म्हणून त्या घोळक्यात असते तर यांच्यापेक्षा चार शब्द जास्तच बोलले असते. आज मात्र त्या बशीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, चेहरा पांढराफटक. उंची वाढेना, वजन वाढेना, सारखी जुलाबाची तक्रार. जंताचं औषध झालं, लोहाची बाटलीवर बाटली झाली, दृष्ट काढून झाली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई सुनेला म्हणायची, "पोरीला नीट खाऊ घालत नाहीस का गं?" आणि कबूल करते, मनातून मीही तेच म्हणत होते. बिचारी रोज तुपात माखलेली पोळी कुस्करून भरवायची आणि पोर आणखीच वाळायची.

शेवटी शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची एक तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं, सिलिअ‍ॅक. म्हणजे जी पोळी आम्ही ताकद यावी म्हणून भरवत होतो, तीच तिला आजारी पाडत होती.

डॉक्टरांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन असतं. कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो, पोळी लाटताना तुटत नाही, ती करामत त्याचीच. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण सिलिअ‍ॅक असलेल्याचं शरीर ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग झिजलेला टॉवेल जसं पाणी टिपत नाही, तसं आतडं अन्न शोषत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही ते यामुळे.

हा गव्हाचा संबंध कळला तोही मुलांमुळेच. हॉलंडमधले डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. आजही यावर गोळी नाही. गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद, हेच औषध.

हे सगळं ऐकून आले तरी माझं मन मानेना. होळीचा दिवस होता. घरात पुरणपोळीचा घमघमाट, आणि नात ओट्याशी उभी राहून टक लावून बघत होती. सूनबाई बाहेर गेलेली. मला राहवेना. एक लहानसा तुकडा तुपात बुडवून तिच्या तोंडात घातला आणि म्हटलं, "आईला सांगू नकोस हं. एवढ्यानं काय होतंय!"

त्या रात्री पोर पोट धरून रडली. उलट्या, जुलाब, पहाटेपर्यंत कुणाचा डोळा लागला नाही. मी काय केलं ते मला सांगावंच लागलं. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही. नुसती मुलीच्या पाठीवरून हात फिरवत बसली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. डॉक्टर नंतर म्हणाले, "आजी, पोट दुखलं म्हणून तुम्हाला कळलं तरी. काही वेळा काहीच दिसत नाही, पण आत आतडं खराब होतच असतं." त्या दिवसापासून 'एवढ्यानं काय होतंय' हे वाक्य मी आमच्या घरातून हद्दपार केलं.

किनोआ आमच्या घरात आला तो यानंतर. सुनेच्या बहिणीनं पुण्याहून एक पाकीट पाठवलं. किंमत वाचून मी म्हटलं, "एवढ्यात तर महिन्याची भगर येईल!" पण नातीनं तो आवडीनं खाल्ला. मग मीही जरा माहिती करून घेतली. किनोआ हा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातला. २०१३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी त्याच्या नावानं साजरं केलं होतं. शंभर ग्रॅममध्ये साधारण तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं, आणि ग्लूटेन मुळीच नाही. गंमत म्हणजे हा आपल्या चाकवताचा सख्खा भाऊबंद. ताक लावून पातळ भाजी करतो ना, तोच चाकवत! आणि जरा लांबच्या नात्यानं आपल्या राजगिऱ्याचाही. राजगिऱ्यातही प्रथिनं जवळपास तेवढीच.

राजगिऱ्याचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, आपलं उपवासाचं ताट आठवा. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे. यात गहू कुठे आहे? आषाढी एकादशीला आपलं अख्खं घर ग्लूटेनशिवायच जेवतं की! आणि किनोआला परकीय म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगते, राजगिरा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, हे सगळे त्याच अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. आपण त्यांना देवघरापर्यंत नेलं. मग आणखी एका पाहुण्यानं काय घोडं मारलंय?

पण नुसते पदार्थ नव्हेत, मला महत्त्वाची वाटते ती उपवासाची शिस्त. उपवासाचं पीठ दळायचं असेल तर आपण गिरणीवाल्याला आधी काय दळलं ते विचारतो. उपवासाच्या भांड्यात रोजच्या भाजीचा डाव घालत नाही. तळण्याचं तेल वेगळं घेतो. चुकून पोळीचा कण पडला तर ते ताट बाजूला ठेवतो. तेव्हा कुणी म्हणतं का, "एवढ्यानं काय होतंय"? देवासाठी जे आपण बिनतक्रार पाळतो, ते लेकरासाठी पाळायला सांगितलं की मात्र लाड वाटतात, थेरं वाटतात. हे मला पटत नाही. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ही शिस्त येते. फक्त ती एकादशीपुरती न ठेवता अशा मुलासाठी रोज पाळायची.

आम्ही तेच केलं. ज्वारी-बाजरी दळायला वेगळी घरघंटी घेतली, कारण गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली तर गव्हाचं पीठ तिच्यात येतंच. नातीचं पोळपाट-लाटणं, तवा, चाळणी, डाव वेगळे. आणि छुपा गहू शोधायला शिकलो. बाजारच्या बऱ्याचशा हिंगाच्या डब्यांत मैदा किंवा कणीक असते, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी मूठभर गहू घालतात. सातूचं पीठ, रवा, लापशी, शेवया, गव्हाच्या चिकाची कुरडई, सगळं बाद. देवळातला प्रसादाचा शिरासुद्धा. पाकीटबंद वस्तू घेताना पाठीमागचं बारीक अक्षर वाचायचं. 'ग्लूटेनमुक्त' छापायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे.

आता त्या सॅलडची कृती. एक वाटी किनोआ चार-पाच पाण्यांनी चोळून धुवायचा. त्याच्या सालीवर कडवट फेसाळ थर असतो, तो गेला पाहिजे, नाहीतर सगळं कडू. पावणेदोन ते दोन वाट्या पाण्यात मीठ घालून झाकून मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवायचा. दाणा पारदर्शक होऊन बाजूला कोंबासारखी पांढरी शेपटी दिसली की झाला. पाच मिनिटं तसाच मुरू द्यायचा, मग काट्यानं मोकळा करून ताटात पसरून गार करायचा. त्यात काकडी, गाजर, टोमॅटो बारीक चिरून, वाफवलेले मोड आलेले मूग, उकडलेले शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे आणि भरपूर कोथिंबीर. लिंबू, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर साखर. वरून तेलात मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. हिंग घालायचा नाही.

किनोआ मिळाला नाही किंवा परवडला नाही तरी काही अडत नाही. आम्हीही तो सणासुदीलाच करतो. एरवी भगर. ती निवडून, धुवून, निथळून कोरडी भाजून घ्यायची आणि दुप्पट पाण्यात मोकळी शिजवायची. बाकी सगळं तसंच. फक्त भगरीत प्रथिनं किनोआइतकी नसतात, म्हणून मूग आणि शेंगदाणे सढळ हातानं घाला. भगर स्वच्छ, बंद पाकिटातली घ्या; जुनं, उघड्यावरचं पीठ नको, त्यानं विषबाधा होऊ शकते. राजगिऱ्याच्या लाह्या आयत्या वेळी वर पेरल्या तर कुरकुरीत लागतात.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगते. हल्ली गहू सोडला की वजन उतरतं, कांती उजळते असं कुणीही सांगतं आणि बायका महागडे डबे आणतात. ज्यांना त्रास नाही त्यांनी गहू सोडायची काही गरज नाही. ग्लूटेन नसलेलं बिस्किटही बिस्किटच, साखर-तूप त्यातही असतंच. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं. मुलाला असा त्रास असेल, किंवा तुमचं स्वतःचं रक्त कितीही गोळ्या घेऊन वाढत नसेल, तर 'बायकांचं रक्त कमीच असतं' म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना विचारा. पण तपासणीआधी आपल्या मनानं गहू बंद करू नका. गहू बंद असताना रक्त तपासलं तर आजार असूनही तो सापडत नाही. घरात एकाला निघाला तर आई-वडील, भावंडांनीही तपासून घ्यावं. आमच्याकडे मुलाची तपासणी आठवड्यात झाली. सुनेची मात्र 'बघू, सवडीनं' करत दोन महिने रेंगाळली. शेवटी मीच हात धरून घेऊन गेले. सुदैवानं दोघांचंही ठीक निघालं.

आज नात आठ वर्षांची आहे. गाल भरलेत, दोन वर्षांत दोनदा शाळेचा गणवेश बदलावा लागला. पण बारशाला, लग्नाला, वाढदिवसाला तिचा डबा वेगळा असतो. सगळी मुलं पंगतीत बसतात आणि ही कोपऱ्यात आपला डबा उघडते. "आजी, सगळ्यांसारखं मला कधी देणार?" असं तिनं एकदा विचारलं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हळदीकुंकवाच्या बशीत करंजी नव्हती ती म्हणून. त्या दिवशी घरात केलेलं सगळं तिला चालणारं होतं. पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या पातेल्यातून वाढून घेत होती, वर दुसऱ्यांनाही वाढत होती. "काकू, आणखी घ्या ना, मीपण हेच खातेय!" ज्या वहिनींनी मला कोपरखळी मारली होती, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा बशी पुढं केली आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण आहे. प्रसाद रव्याचाच लागेल, पण पोरीसाठी राजगिऱ्याचा शिरा वेगळ्या पातेल्यात करीन. हिंगाचं लक्षात ठेवीन. आणखी काय काय चालत नाही, ते कागदावर लिहून द्याल का?"

मैत्रिणींनो, मी काय मागतेय ते एवढंच. तुमच्या शेजारी, नात्यात, वर्गात असं एखादं मूल असेल तर त्याच्या आईला "फार लाड करतेस" म्हणू नका. तिला विचारा, "काय चालतं त्याला?" आणि एक पदार्थ तेवढा त्याच्यासाठी करा, उपवासाचा करता तसाच सांभाळून. बघा, एवढ्यानं खूप काही होतं.