समुपदेशक की पोलिसांचा खबऱ्या?

अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यात चार्ल्स्टन नावाचे शहर आहे. तेथील सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने 1989 साली एक धोरण आखले. संशय आलेल्या गरोदर स्त्रियांची लघवी त्यांच्या संमतीशिवाय कोकेनसाठी तपासायची आणि पोलिसांना कळवायचे. 30 स्त्रियांना अटक झाली. त्यातल्या 29 काळ्या होत्या! याला योगायोग म्हणायचे काय?

21 मार्च 2001 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'फर्ग्युसन विरुद्ध सिटी ऑफ चार्ल्स्टन' खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला. पोलिसी कारवाईसाठी संमतीविना केलेली अशी चाचणी म्हणजे घटनाबाह्य झडतीच.

कोकेन पोटातल्या बाळाला घातक आहे, हे आम्हालाही मान्य. पण बेडीच्या भीतीने बाई दवाखान्याची पायरीच चढली नाही, तर ते बाळ वाचवणार कोण?

आपल्याकडे असे धोरण नाही म्हणून निर्धास्त राहू नये. इथे बाईसाठी घर हेच पोलीस ठाणे असते. आशाताई घरी येते. सासू उंबऱ्यात बसलेली. तिच्यासमोर "दारू घेतेस का?" असे विचारले तर उत्तर 'नाही' हेच येणार. मिशरीबद्दल एखादी बाई मोकळेपणी बोलेल, कारण सासूही लावते. (मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यानेही मूल कमी वजनाचे होते, पण तिला व्यसन मानतो कोण?) दारूचे मात्र ती एकांतातच सांगेल. मग ताईने काय करावे? माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिले तर ते नवरा वाचणार, मारहाण होणार. न लिहिले तर बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरला कळणार नाही. हा पेच खरा आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीलाही आजार मानतो. कलम 23 प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. अपवाद आहेत, त्यातला एक, दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचवण्याचा. उद्या कोणी म्हणेल, गर्भ हीच ती दुसरी व्यक्ती! आम्हाला हा अर्थ मान्य नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगणे वेगळे. नवऱ्याला सांगून गर्भाची कोणती इजा टळते? उलट लाथ पोटावरच बसते. आशाताई या कलमात बसते का, यावर वकील वाद घालतील. बाईच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही.

आणखी एक. "आजपासून सोड" हा उपदेश सोपा वाटतो. पण दारूची शरीराला सवय झाली असेल तर ती एकदम तोडणे आईच्या जिवावर बेतू शकते. अफूजन्य पदार्थ अचानक तोडू नयेत, औषधोपचार चालू ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2014 च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण स्वतः ग्रहण करतो, ते दुसऱ्यावर लादत नाही. आपल्या वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी गरोदर बाईला शपथ घालण्याआधी डॉक्टरकडे न्यावे.

आरोग्य खात्याकडे आमची मागणी साधी आहे. व्यसनाबद्दल विचारायचे ते एकांतात. नोंद करायची ती बाईला विचारून, आणि ती घरच्या कार्डावर नव्हे तर दवाखान्याच्या केसपेपरवर. तसा लेखी आदेश निघाला पाहिजे. तो निघेपर्यंत ताईंनी निदान सासूला पाणी आणायला पाठवावे.