धुराच्या मापात पाप

कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रे नागपूरच्या अगदी उशाशी आहेत. त्यांच्या चिमण्यांतून किती धूळ बाहेर पडते, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : "चिमणीवर ऑनलाइन मीटर आहे, आकडे थेट मंडळाकडे जातात." उत्तर देणाऱ्याला वाटते, विषय संपला. माझे म्हणणे आहे की विषय इथून सुरू होतो. मीटर बसवणे वेगळे आणि मोजणे वेगळे. भिंतीवर घड्याळ आहे म्हणून वेळ बरोबरच असेल, असे सातवीतला पोरगाही मानत नाही.

धुळीचे खरे माप आजही वजनानेच होते. चिमणीला ठेवलेल्या छिद्रातून नळी आत घालतात, ठरावीक धूर ओढून फिल्टरमधून नेतात. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे धूळ. ऐकायला सोपे आहे. पण नळीत धूर ज्या वेगाने शिरतो, तो वेग चिमणीतल्या धुराच्या वेगाइतकाच हवा. पंपाने जास्त जोरात ओढले तर आजूबाजूचा वायू वळून आत येतो, जड कण मात्र सरळ वर निघून जातात आणि आकडा कमी येतो. हळू ओढले तर आकडा फुगतो. धूर वळणापाशी घुसळतो, म्हणून छिद्र वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतरावर असावे लागते. एकाच जागेचा नमुना चालत नाही, आडव्या छेदातल्या अनेक बिंदूंवरून घ्यावा लागतो. बाहेरची हवा मिसळून धूर पातळ झाला असेल, तर प्राणवायू मोजून तो हिशेबही दुरुस्त करावा लागतो. हे सगळे उंचावरच्या अरुंद फलाटावर, उष्णतेत उभे राहून करायचे. ज्याला काम घाईत उरकायचे आहे, त्याला चुकीचा आकडा काढायला लबाडीही करावी लागत नाही.

आता ऑनलाइन मीटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना ते बसवण्याचे निर्देश दिले. औष्णिक वीज त्यांत आहेच. पण चिमण्यांवरची यातली बरीच यंत्रे धूळ तोलत नाहीत. ती प्रकाशाचा झोत सोडतात, कणांमुळे तो किती अडला किंवा विखुरला ते पाहतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. तो अंदाज वजनाच्या चाचणीशी जुळवून घेतलेला असतो. कोळसा बदलला, कणांचा आकार बदलला, की ती जुळणी बिघडते. धुरात पाण्याचे थेंब असले तर यंत्र त्यांनाही धूळ समजते. म्हणजे पडद्यावर क्षणाक्षणाला झळकणारा आकडा, ज्या चाचणीवर तो बेतला तिच्याइतकाच खरा. मग प्रश्न उरतो : ती चाचणी कोण करतो आणि त्याचे पैसे कोण देतो?

याचे उत्तर गुजरातेत शोधले गेले आहे. तिथे कारखान्याने स्वतःच लेखापरीक्षक निवडायचा आणि स्वतःच त्याचे पैसे द्यायचे, अशी पद्धत होती. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी तिची पडताळणी केली. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षकांच्या अहवालात धुळीची मर्यादा मोडणारे कारखाने होते ७ टक्के. फेरतपासणीत निघाले ५९ टक्के. मग काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, मोबदला सामायिक निधीतून दिला, फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे येऊ लागले, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. यंत्र तेच होते. बदलला तो फक्त पैसे देणारा हात.

"दहा-वीस मिलिग्रॅमचा फरक, त्यात काय एवढे?" असे म्हणणाऱ्यांसाठी साधे गणित. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे २००४ ते २०१६ दरम्यान उभारलेल्या संचांना धुळीची मर्यादा घनमीटरला ५० मिलिग्रॅम आहे. समजा एका मोठ्या संचातून तासाला २० लाख घनमीटर धूर निघतो आणि मापात २० मिलिग्रॅमची खोट आहे. तासाला ४० किलो, दिवसाला ९६० किलो. कागदावर नसलेली जवळजवळ एक टन राख रोज कुणाच्या तरी छपरावर, विहिरीत आणि छातीत उतरणार.

दुसरा आक्षेप येतो : "तुम्हाला वीज नको का?" वीज हवी, म्हणून तर माप हवे. खोट्या मापाचा पहिला तोटा प्रामाणिक कारखान्याला होतो. तो गाळणयंत्रणेवर खर्च करतो आणि शेजारचा आकड्यावर भागवतो. तिसरे आहेत ते "सगळे आकडे खोटेच असतात" म्हणून हात झटकणारे. त्यांचा उपयोग प्रदूषण करणाऱ्यालाच होतो, कारण सगळेच खोटे म्हटले की खरे कुणाला मागायचीच गरज उरत नाही.

मापात खोट करणाऱ्यांवरून कुरआनातल्या एका सूरहला 'अल-मुतफ्फिफीन' हे नाव आहे. मराठीत आपण 'मापात पाप' म्हणतो. तराजू धान्याचा असो की धुराचा, अमानत तीच.

मे २०२३ मध्ये कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉट संचांसाठी जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत केवळ विरोध किंवा पाठिंबा नोंदवून भागत नाही. मागण्या नेमक्या हव्यात. चाचणी करणारी प्रयोगशाळा चिठ्ठी टाकून ठरवा आणि तिचे पैसे सामायिक निधीतून द्या. मीटरची जुळणी शेवटची कधी झाली, त्या दिवशी संच किती भारावर चालू होता, हे आकड्याशेजारीच जाहीर करा. मीटर बंद असलेले तासही दाखवा. अचानक फेरतपासणी करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये चिमणीच्या धुळीवरून कारखान्यांना तारांकन देणे सुरू केले, ही चांगलीच गोष्ट झाली; पण तारा मापावर उभा आहे, आणि माप चाचणीवर. 'नीरी'सारखी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. नागपूरकरांनी निदान एवढे तरी मागावे : आकडा दाखवताय, तर तो कसा काढला तेही दाखवा.