मोल यंत्राचे की उंचीचे?

ग्राहक सार्वभौम असतो, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगत आली आहेत. परंतु ज्या वस्तूचे गुण दुकानात पारखता येत नाहीत, तिच्या बाबतीत हे सार्वभौमत्व विक्रेत्याच्या माहितीपत्रकापुरतेच उरते. अमेरिकेत घरबसल्या विमानांचे बिनतारी संभाषण ऐकण्याचा छंद जुना आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्कॅनर’ या ग्राहकयंत्राची बाजारपेठ या विसंगतीचे नमुनेदार उदाहरण ठरावी. नेवार्क किंवा केनेडी विमानतळाच्या परिसरात राहणाऱ्या हौशी श्रोत्याची गरज साधी आहे. बाजार मात्र त्याला भलतीच गरज विकू पाहतो. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील एखाद्या चौकस माणसालाही हाच अनुभव येईल.

ही गरज नेमकी कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. नागरी विमाने आणि नियंत्रण मनोरे यांचे नेहमीचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते, आणि तेही ‘एएम’ या जुन्या पद्धतीने. याउलट तेथील पोलीस आणि अग्निशामक दले मोठ्या प्रमाणावर अंकीय यंत्रणेकडे वळली आहेत. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर २०२३ पासून आपले संभाषण टप्प्याटप्प्याने कुलूपबंद करण्यास आरंभ केला. सहाशे डॉलरांच्या पुढे जाणाऱ्या स्कॅनरची किंमत प्रामुख्याने या गुंतागुंतीच्या अंकीय यंत्रणांचा माग काढण्यासाठी असते. आणि कुलूपबंद संभाषणापुढे तोही हतबल ठरतो. विमानांच्या श्रोत्याला या सामर्थ्याचा कवडीचा उपयोग नाही. शंभर-दीडशे डॉलरांच्या आसपास मिळणारा साधा हातसंचही पाचशे वारंवारता स्मरणात ठेवतो आणि एका विमानतळासाठी त्यांतील डझन-दोन डझन पुरतात. दूरचित्रवाणीसाठी बनविलेले चिमुकले ग्राहकयंत्र संगणकाला जोडून हेच काम करता येते, हे २०१२ मध्ये हौशी तंत्रज्ञांनी सिद्ध केले. तेव्हापासून या छंदाचा उंबरठा आणखी खाली आला आहे. १९७० च्या दशकात प्रत्येक वारंवारतेसाठी स्वतंत्र स्फटिक विकत घ्यावा लागे. त्या काळाशी तुलना केली, तर वाढीव वारंवारतेचा सीमांत खर्च आज जवळजवळ शून्यावर आला आहे, असे म्हणावे लागेल.

तेव्हा यंत्र निवडताना तीन गोष्टी पाहिल्या की पुरे. विमानांचा पट्टा त्यात एएम पद्धतीने ऐकू यावा. बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असावी. आणि युरोपात वापरायचे असल्यास ८.३३ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेल्या वारंवारता त्याला पकडता याव्यात. अमेरिकेत नेहमीच्या वापरासाठी हे अंतर २५ किलोहर्ट्झ आहे. बाकीचा सारा डामडौल होय.

खरी काटकसर आणि खरी उधळपट्टी दिसते ती अँटेनाच्या बाबतीत. या वारंवारतांच्या लहरी साधारणतः दृष्टिरेषेत प्रवास करतात. दहा हजार मीटर उंचीवरील विमानाचे बोलणे सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचते. मनोऱ्याची गोष्ट वेगळी. मनोऱ्याचा अँटेना जमिनीपासून २५ मीटरवर आणि श्रोत्याचा ९ मीटरवर असेल, तर हिशेबाने येणारी मर्यादा जेमतेम ३३ किलोमीटर होते. मधल्या इमारती आणि टेकड्या तीतून वजा करायच्या त्या वेगळ्याच. परिणामी श्रोत्याला वैमानिकाचे उत्तर स्पष्ट ऐकू येते, पण नियंत्रकाचा प्रश्न ऐकू येत नाही. मग तो यंत्राला दोष देतो आणि अधिक महागडे यंत्र आणतो. वास्तविक त्याला उणीव असते ती काही मीटर उंचीची!

पट्ट्याच्या मध्याशी तरंगलांबी सुमारे २.४ मीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे साठ सेंटिमीटरची उभी दांडी आणि तिच्या पायाशी चार आडव्या-तिरप्या तारा एवढ्यावर उत्तम अँटेना उभा राहतो. तो घरीही बनविता येतो. अनेक पट्टे ऐकायचे नसतील, तर महागड्या सर्वव्यापी अँटेनाची आवश्यकता नाही. केबलकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. बारीक केबल तीस मीटर लांब घेतली, तर अँटेनाने गोळा केलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच विरते. दूरचित्रवाणीसाठी वापरतात ती जाडसर केबल त्याहून पुष्कळ बरी. या तुटीवर उपाय म्हणून शक्तिवर्धक बसविणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तो शेजारच्या एफएम नभोवाणी केंद्रांचा गोंगाटही तितकाच वाढवितो. अँटेना विजेच्या तारांपासून दूर ठेवणे आणि त्याचे भूसंयोजन करणे हा खर्च मात्र टाळण्याजोगा नाही.

येथे आणखी एक अडचण उभी राहते. अमेरिकेतील अनेक गृहसंस्था छतावर अँटेना लावू देत नाहीत. १९९६ पासून संघराज्याच्या नियमाने दूरचित्रवाणीच्या अँटेनाला या मनाईपासून संरक्षण दिले. स्कॅनरच्या अँटेनाला ते नाही. अशा वेळी तेथील लाकडी घरांचा माळा हा सर्वांत व्यवहार्य मधला मार्ग ठरतो.

इतके जुने तंत्र विमानवाहतुकीने अद्याप का जपले, असा प्रश्न कुणी विचारील. जगभरची सामग्री एकदम बदलण्याचा खर्च हे त्याचे एक कारण आहेच. पण ते तेवढ्यावर संपत नाही. एफएम पद्धतीत दोघे एकाच वेळी बोलले, तर प्रबळ आवाज दुर्बळ आवाजाला गिळून टाकतो. एएममध्ये शिट्टी ऐकू येते आणि कुणाचे तरी बोलणे हुकले, हे निदान कळते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी मनोरा आणि पॅन अॅमचे विमान एकाच क्षणी बोलले होते आणि केएलएमच्या कक्षात त्या मोलाच्या शब्दांऐवजी कर्कश शिट्टी ऐकू गेली होती. इशारा मिळणे आणि तो ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच त्या घटनेचा धडा.

शिवाय एका वारंवारतेवरील प्रत्येक वैमानिक इतर सर्वांचे बोलणे ऐकत असतो. सॅन फ्रान्सिस्को येथे ७ जुलै २०१७ च्या रात्री एअर कॅनडाचे विमान धावपट्टी समजून चार विमाने उभी असलेल्या मार्गावर उतरू लागले, तेव्हा जमिनीवरच्या एका वैमानिकाने त्याच वारंवारतेवर ते बोलून दाखविले. विमान पुन्हा वर चढले आणि अनर्थ टळला. याउलट २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण दगावले. तेथे नियंत्रक दोघांशी बोलत होता, पण दोघांच्या वारंवारता भिन्न असल्याने त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. त्या एकाच कारणाने अपघात घडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु उघडेपणा ही आकाशातील सौजन्याची बाब नसून सुरक्षिततेच्या यंत्रणेचाच भाग आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सर्वांनी ऐकावे म्हणून जे उघडे ठेवले आहे, ते एका नागरिकाने अधिक ऐकले तर कुणाचे काय उणे होते? एकाच्या ऐकण्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, हे सार्वजनिक वस्तूचे लक्षण येथे पुरेपूर लागू पडते. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने विमानांचे संभाषण ऐकण्यास मुभा दिली. ब्रिटनमध्ये मात्र स्कॅनर दुकानात खुलेआम मिळतो आणि २००६ च्या कायद्यानुसार तो विमानांच्या संभाषणाकडे वळविणे गुन्हा ठरतो! भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने विनापरवाना यंत्र बाळगण्यासच मज्जाव केला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने परवानगीचे तत्त्व कायम राखले. मुंबई-पुण्याच्या हौशी माणसाने परदेशी जाहिरात पाहून यंत्र मागविण्यापूर्वी याचा विचार करावा, हे सांगणे न लगे.

सुरक्षिततेची चिंता अनाठायी आहे, असे नाही. विमानांच्या लहरीवर कुणी आगंतुक बोलू लागला, तर प्राण धोक्यात येतील. त्याला कठोर शिक्षाच हवी. ऐकलेल्या माहितीचा दुरुपयोग करणाऱ्यालाही अभय नको. परंतु बोलणारे यंत्र आणि केवळ ऐकणारे यंत्र यांना एकाच मापाने मोजण्यात शहाणपण नाही. कायद्याने हा भेद ओळखावा आणि ग्राहकाने किंमत व उपयुक्तता यांतील भेद ओळखावा. जेथे ऐकण्याची मुभा आहे, तेथील श्रोत्याने साधे यंत्र घ्यावे आणि वाचलेला पैसा केबलीत व उंचीत घालावा. आकाशाने आपले संभाषण सर्वांसाठी उघडे ठेवले आहे; ते ऐकण्यासाठी चैनीची किंमत मोजण्याचे कारण नाही.