आधी कागद, मग विसार

भाईंदर पूर्वेच्या खारी गावात रविवारी सकाळी हिंडणाऱ्या कुटुंबांमध्ये घर पाहायला आलेली कुटुंबे चटकन ओळखू येतात. नवरा-बायको, सोबत एखादा वडीलधारा, हातात पाण्याची बाटली आणि दोन पावले पुढे चालणारा दलाल. मिठागरांच्या या परिसरात १९८५ साली नगरपरिषद आली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांपलीकडे गेली. नोकरी मुंबईत आणि घर मुंबईबाहेर, हा ज्यांचा नाइलाज आहे त्या कारकून-शिक्षकांनी ही वाढ घडवली. त्यांच्या आयुष्यातील पहिल्या खरेदीभोवती आज एक विचित्र प्रथा रुजली आहे. घर घ्यायचे एक. विसार मात्र द्यायचा दोन-तीन घरांना!

या वर्तनाला अप्रामाणिक म्हणणे सोपे आहे, आणि विक्रेते तसे म्हणतातही. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. जुनी सदनिका विकणारा बहुधा कोणी सावकार नसतो. मुलांची लग्ने व्हायची म्हणून मोठ्या घराला विसार देऊन बसलेला तोही एक नोकरदारच असतो. त्याचा ग्राहक पंचेचाळीस दिवसांनी ‘दुसरीकडे जमले’ म्हणून निघून गेला, तर त्याचाही पुढचा व्यवहार कोसळतो. दिलेल्या शब्दाला किंमत असलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही.

परंतु प्रश्न असा की, एरवी दहा रुपयांचा हिशेब ठेवणारा माणूस लाखाची रक्कम दोन ठिकाणी का अडकवतो? समजा, घराची किंमत चाळीस लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे आठ लाख पदरचे हवेत. मुद्रांकशुल्क आणि नोंदणीचा खर्च त्याहून वेगळा. या आठ लाखांपैकी लाख-लाख दोन घरांत गुंतवणे म्हणजे पुंजीचा चौथा हिस्सा पणाला लावणे होय. हौसेने असे कोणी करीत नाही. मनुष्य तसे करतो तो भीतीपोटी.

ही भीती कागदांची आहे. जुन्या सदनिकेच्या बाजारात विसार आधी घेतला जातो आणि कागद नंतर दाखवले जातात. पैसे हातावर ठेवल्यावर कळते की इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, मधल्या एका खरेदीखताची नोंदणीच झालेली नाही, संस्थेची थकबाकी आहे किंवा पूर्वीच्या कर्जाचा बोजा उतरलेला नाही. मग बँक कर्ज नाकारते आणि विक्रेता विसार परत देण्यास नकार देतो. ज्याने शेजाऱ्याची अशी फजिती पाहिली आहे, तो दुसरे घर हाताशी ठेवतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, मालाचे दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असले, की सारा बाजारच बिघडतो. दुसरा विसार हा या अज्ञानावर ग्राहकाने स्वखर्चाने उतरवलेला विमा आहे.

नव्या घरांच्या बाबतीत कायद्याने हे दुखणे बरेचसे ओळखले. महाराष्ट्राने १९६३ च्या कायद्यानेच, लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याविना बिल्डरने आगाऊ रक्कम घेऊ नये, असे बंधन घातले. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. महारेराने २०२२ मध्ये घरवाटपाच्या पत्राचा नमुना ठरवून दिला. त्यानुसार पंधरा दिवसांच्या आत नोंदणी रद्द केल्यास कपात नाही. पुढे मुदतीनुसार ती वाढत किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत जाते. माघारीची किंमत येथे आधीच लिहिलेली आहे. त्यामुळे ग्राहक शांतपणे विचार करू शकतो.

एका नोकरदाराने दुसऱ्या नोकरदाराला विकलेले जुने घर मात्र या छत्राबाहेर राहते. तेथे उरतो १८७२ चा करार कायदा आणि दलालाने पाठकोऱ्या कागदावर खरडलेली पावती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका निर्णयात स्पष्ट केले की, करारपूर्तीची हमी म्हणून दिलेला विसार जप्त करता येतो; पण त्यासाठी करारातील अटी निःसंदिग्ध हव्यात, आणि दिलेली रक्कम केवळ किमतीचा हप्ता असेल तर ती जप्त करता येत नाही. पावतीवर नुसते ‘टोकन मिळाले’ एवढेच लिहिलेले असेल, तर हा भेद ठरवायचा कशावरून? आणि लाखभर रुपयांसाठी वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या कोणता शिक्षक झिजवील?

परदेशांचा अनुभव येथे बोधप्रद आहे. इंग्लंडमध्ये करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत स्वीकारलेला देकारही कोणाला बांधून ठेवत नाही. साहजिकच तेथे ऐनवेळी मोडणारे व्यवहार ही जुनी तक्रार आहे. घराची माहिती विक्रेत्याने आधी द्यावी, असा नियम तेथे २००७ मध्ये आला आणि २०१० मध्ये गुंडाळला गेला. स्कॉटलंडने मात्र डिसेंबर २००८ पासून घर बाजारात आणण्यापूर्वीच त्याचा तपासणी अहवाल तयार ठेवण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले, आणि ते टिकवले.

महाराष्ट्राला यासाठी नवा भव्य कायदा करण्याची गरज नाही. राज्याच्या नोंदणी महानिरीक्षकांनी विसारपावतीचा एकच सोपा मराठी नमुना प्रसिद्ध करावा. भोगवटा प्रमाणपत्र, पूर्वीच्या खरेदीखतांची साखळी, भागपत्र, संस्थेच्या येण्याबाबतचे पत्र आणि कर्जबोजाची स्थिती यांची यादी त्यात असावी व ते कागद दाखवल्याची दोघांची सही असावी. बँकेने घराच्या दोषामुळे कर्ज नाकारल्यास संपूर्ण विसार परत, ग्राहकाने केवळ मन बदलल्यास ठरलेली रक्कम कापून परत आणि विक्रेत्याने शब्द फिरवल्यास भरपाईसह परत, एवढ्या तीन अटी व एक मुदत त्यात पुरेत. गृहनिर्माण संस्थांनाही आपल्या इमारतीची माहिती एका पानावर लिहून कार्यालयात लावता येईल. त्याला कोणाच्याच परवानगीची गरज नाही.

तोवर पहिले घर घेणाऱ्याने एक शिस्त पाळावी. चौकशी दहा घरांची करावी, भावही दहा ठिकाणी बोलावा. त्यात कसलेही पाप नाही. विसार मात्र कागद पाहिल्यावर, एकाच घराला आणि बँकेमार्फतच द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे, हे ‘रोखच द्या’ म्हणणाऱ्या दलालाला ऐकवावे. ‘आज टोकन दिले नाही तर उद्या घर जाईल’ या त्याच्या धमकीत तथ्य असेलही. पण गेलेल्या घराच्या जागी दुसरे मिळते. पुंजीचा चौथा हिस्सा पुन्हा साठवायला कारकुनाची कित्येक वर्षे जातात.